समुद्रकिनाऱ्यावर बसून रंगवताना उजेड आणि पाणी दोन्ही बदलत राहतात. जलरंग वापरावेत की तैलरंग?

प्रश्न: ओलीवाळू

गेली चार वर्षे मी नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर जाते आणि समोर पाहून चित्र काढते. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जे काही येते ते पुस्तके वाचून, संग्रहालयांतील चित्रांसमोर बराच वेळ उभे राहून आणि पुष्कळ कागद खर्ची घालून शिकले आहे. सुरुवात जलरंगांनी केली. दीड वर्षापूर्वी तैलरंगही घेतले, कारण लाटेचे वजन आणि खडकाचा खरखरीतपणा जलरंगांत मला आणता येत नव्हता. आता दोन्ही माध्यमांचे सामान दोन वेगळ्या पिशव्यांत तयार असते आणि घरातून निघताना कोणती पिशवी उचलावी याचा निर्णय दर वेळी चुकल्यासारखा वाटतो.

अडचण नेमकी काय होते ते मागच्या रविवारच्या चित्रावरून सांगते. सकाळी सात वाजता ३० बाय ४० सेंटिमीटरचा कॅनव्हास लावला. समोर एक मोठा काळा खडक होता, त्याचा निम्मा भाग पाण्यात होता आणि त्याची लांब सावली डावीकडे पाण्यावर पसरलेली होती. आकाश रंगवून खडकापर्यंत येईतो आठ वाजून गेले. तोपर्यंत सावली आखडली होती, म्हणून मी ती पुसून नव्याने घातली. साडेनऊला पाणी इतके मागे गेले होते की खडक तळापासून उघडा पडला आणि त्याच्या पायथ्याशी ओल्या वाळूचा एक गडद पट्टा दिसू लागला. तो पट्टा इतका सुंदर होता की मला राहवले नाही आणि मी तोही रंगवला. घरी येऊन चित्र भिंतीला टेकवून पाहिले तेव्हा आकाश सातचे, सावली आठची आणि वाळू साडेनऊची, असा तीन वेळांचा मेळ एकाच चित्रात झालेला दिसला. सूर्य कोठे आहे हे त्या चित्रावरून मलाही सांगता येईना.

जलरंगांत त्रास वेगळा आहे. पहाटेच्या दमट हवेत आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) वाळतच नाही आणि क्षितिजाची रेघ ओढली की ती वर आकाशात पसरते; तर दहाच्या सुमारास वारा सुटला की ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचण्याआधीच पहिली कड सुकून तिथे पक्की रेघ उमटते. या सगळ्यात समुद्र मात्र दोन्ही माध्यमांत सारखाच फसतो. तो अंथरलेल्या निळ्या कापडासारखा दिसतो, त्याला खोली येत नाही.

तेव्हा माझे विचारणे असे आहे की काही काळ एकच माध्यम धरून बसावे का, बदलत्या उजेडाशी आणि भरती-ओहोटीशी जमवून कसे घ्यावे, आणि पाणी पाण्यासारखे दिसण्यासाठी नेमके काय पाहावे. स्टुडिओत छायाचित्रावरून काम करण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला आहे, पण किनाऱ्यावर बसूनच हे जमावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उत्तर: क्षितिजरेषा

मी वीस वर्षांहून अधिक काळ मुख्यतः तैलरंगांत किनाऱ्याची चित्रे करतो आहे आणि तुम्ही वर्णन केलेले तीन वेळांचे चित्र माझ्याकडेही एक नव्हे, कितीतरी आहेत. माझ्या मते ही अडचण माध्यमाची नाही. चित्र कोणत्या क्षणाचे आहे हे ठरवण्याआधी तुम्ही रंगवायला बसता आणि मग समोर जे जे चांगले दिसते ते सगळे त्याच कॅनव्हासवर घेत जाता. ओल्या वाळूचा तो पट्टा सुंदर होता यात शंका नाही, पण तो दुसऱ्या चित्राचा पट्टा होता.

आधी वेळेचा हिशोब सांगतो, कारण तो एकदा अंगवळणी पडला की निम्मी धावपळ संपते. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दोन तासांत ३० अंश. सकाळी आणि संध्याकाळी, सूर्य खाली असताना, एवढ्या फरकाने सावलीची लांबी पार बदलून जाते. त्यामुळे एका चित्राला सलग दीड तासापेक्षा जास्त वेळ देता येत नाही असे धरूनच बसावे. पाण्याचे गणित याहून उपयोगी आहे आणि हौशी चित्रकार त्याकडे क्वचितच पाहतात. ज्या किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते तिथे एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. मात्र या काळात पाणी एकाच वेगाने चढत-उतरत नाही. भरती पूर्ण होण्याच्या आणि ओहोटी पूर्ण होण्याच्या आगेमागे ते जवळजवळ थांबलेले असते, आणि मधल्या दोन तासांत एकूण चढ-उताराच्या साधारण निम्मे अंतर कापते. तुमचा खडक सातला निम्मा बुडालेला आणि साडेनऊला पूर्ण उघडा होता, याचा अर्थ तुम्ही नेमक्या त्या धावत्या पाण्यात बसला होतात. भरतीचे वेळापत्रक पाहून पूर्ण ओहोटीच्या किंवा पूर्ण भरतीच्या अर्धा-पाऊण तास आधी बसलात, तर पाण्याची रेघ तुम्हाला तास-दीड तास जवळपास एकाच जागी मिळेल.

याला जोडून आणखी एक गोष्ट. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच घड्याळी वेळेला गेलात तर उजेड तोच मिळतो पण पाणी वेगळे असते. पंधरवड्याने मात्र भरती फिरून पुन्हा जवळपास त्याच वेळेला येते आणि उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती) ही स्थितीही जुळते. अपुरे राहिलेले चित्र पुरे करायचे असेल तर दुसऱ्या दिवशी न जाता पंधराव्या दिवशी जावे. ऋतू फारसा पुढे सरकलेला नसतो, सूर्यही साधारण त्याच जागी असतो आणि खडक पुन्हा तेवढाच बुडालेला सापडतो.

फ्रेंच चित्रकार मोनेने यावर काढलेला मार्ग प्रसिद्ध आहे: तो अनेक कॅनव्हास बरोबर नेत असे आणि उजेड बदलला की हातातला बाजूला ठेवून त्या उजेडाचा दुसरा घेत असे. १८८६ मध्ये फ्रान्सच्या बेल-ईल बेटावर असताना समुद्र खऱ्या अर्थाने रंगवायचा तर तो एकाच जागेवरून, रोज, दिवसाच्या प्रत्येक वेळी पाहिला पाहिजे अशा आशयाचे त्याने पत्रातही लिहिले आहे. आपल्याला सुट्टीच्या दिवशी इतके सामान नेणे जमत नसले तरी २० बाय २५ सेंटिमीटरचे दोन बोर्ड सहज नेता येतात. तुमचा ३० बाय ४० चा कॅनव्हास दीड तासासाठी मोठा आहे. क्षेत्रफळाचा विचार केला तर तो या बोर्डाच्या जवळजवळ अडीचपट भरतो आणि म्हणूनच तुम्हाला खडकापर्यंत पोहोचायला आठ वाजतात.

बोर्डावर मी प्रथम संपूर्ण पृष्ठभागाला पातळ, उबदार छटेच्या करड्या-तपकिरी रंगाचा हात देऊन ठेवतो. हे काम घरी, आदल्या आठवड्यात करून वाळवायचे. किनाऱ्यावर पोहोचल्यावर पहिली पाच मिनिटे डोळे बारीक करून पाहायचे आणि पेन्सिलने हाताच्या पंजाएवढ्या चौकटीत फक्त तीन टोन मांडायचे: सर्वांत उजळ, सर्वांत गडद आणि मधला. सावल्या कोठे आहेत आणि किती लांब आहेत हे त्या चौकटीत एकदा पक्के केले की पुढे समोरच्या सावल्या सरकल्या तरी त्यांच्याकडे बघायचे नाही. बोर्डावरही सर्वांत आधी सावल्यांचेच आकार भरायचे, कारण त्याच सर्वांत लवकर पळतात. आकाश तुम्ही पहिल्यांदा पूर्ण करता, ते मी शेवटी करतो. इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबलने १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड येथे ढगांचे जे अभ्यास केले ते कागदावर तैलरंगांत, झपाट्याने केलेले होते आणि त्यांतील अनेकांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिलेली आहे. ही सवय मी त्याच्याकडून घेतली. माझ्या प्रत्येक बोर्डामागे वेळ, वारा आणि भरतीची स्थिती लिहिलेली असते आणि चित्र फसले तर कशामुळे फसले हे त्यावरून कळते.

आता पाण्याकडे येतो. समुद्र कापडासारखा दिसतो, कारण आपण त्याला एक रंग देतो. पाण्याला स्वतःचा रंग फार थोडा असतो, आणि तो आपल्याला दिसतो की नाही हे आपण किती उतरत्या कोनातून पाहतो यावर अवलंबून असते. पायाजवळच्या पाण्याकडे सरळ खाली पाहिले तर पृष्ठभागावरून फक्त दोन टक्क्यांच्या आसपास उजेड परततो, म्हणून आपल्याला आतले पाणी आणि तळची वाळू दिसते. नजर जसजशी दूर जाते तसतसे प्रतिबिंब वाढत जाते आणि समुद्र आकाशाचा रंग घेत जातो. तरीही क्षितिजाजवळ समुद्र त्याच्या वरच्या आकाशापेक्षा बहुधा गडद दिसतो, कारण लाटांच्या आपल्याकडे झुकलेल्या बाजूंवर क्षितिजालगतचे फिके आकाश न उमटता बरेच वरचे, गडद आकाश उमटते. म्हणजे एकाच समुद्रात जवळ एक, मध्ये दुसरा आणि दूर तिसरा असे तीन रंग असतात, आणि त्यांचे एकमेकांत विरघळणे दाखवले की खोली आपोआप येते.

एकेका लाटेबाबत माझा अनुभव असा आहे की फुटणारी लाट समोर पाहत रंगवता येत नाही, ती पाठ करावी लागते. पहिली दहा मिनिटे ब्रश हातात न घेता एकाच जागी फुटणाऱ्या वीस-पंचवीस लाटा पाहाव्यात. तळाचा उतार तोच असल्याने त्या जवळपास एकाच प्रकारे फुटतात. लाट उंचावते तेव्हा तिचा पाया गडद असतो, त्यात किनाऱ्याकडची सावली आणि ढवळलेली वाळू असते. वर कड पातळ होत जाते आणि सूर्य लाटेच्या मागे असेल तर तिथून उजेड आरपार येतो; तो हिरवा पट्टा जेमतेम दोन बोटे रुंद असतो आणि लाट कोसळण्याआधी क्षणभरच टिकतो. त्यासाठी मी व्हिरिडियनमध्ये (निळसर हिरव्या रंगात) किंचित पिवळा आणि अगदी थोडा पांढरा मिसळतो. पांढरा जास्त झाला की पारदर्शकपणा जाऊन तिथे खडूसारखा हिरवा येतो. त्यावरचा फेसही नुसता पांढरा नसतो. उन्हातला फेस उबदार छटेचा असतो आणि लाटेच्या सावलीत गेलेला फेस निळसर करडा, बहुतेक वेळा वरच्या आकाशापेक्षाही गडद असतो. शुद्ध पांढरा मी एका चित्रात फार तर दोन-तीन ठिकाणी लावतो.

उत्तर: कोराकागद

वरच्या उत्तरातील वेळेचा हिशोब मला पूर्णपणे मान्य आहे, पण अडचण माध्यमाची नाही हे म्हणणे मला तितकेसे पटत नाही. मी जवळजवळ केवळ जलरंगांत काम करते आणि माझा अनुभव असा आहे की किनाऱ्यावरची हवाच बहुतेक वेळा माध्यम ठरवते. तुम्ही पिशवी घरातून निघताना निवडता, त्याऐवजी आदल्या रात्री दमटपणा, वारा आणि भरतीची वेळ पाहून निवडावी.

पहाटेच्या दमट हवेत कागद ओला राहतो ही तक्रार न मानता त्या वेळचा फायदा घ्यावा. अशा सकाळी आकाश आणि दूरचा समुद्र ओल्यावर ओले टाकूनच करावेत आणि क्षितिज मुद्दाम मऊ ठेवावे. दमट हवेत ते प्रत्यक्षातही मऊच असते. स्पष्ट रेघ हवीच असेल तर कागदावरची चकाकी पूर्ण जाईपर्यंत थांबावे लागते. कागद डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून त्यावर तिरपे पाहावे. आधी पाण्याचा थर आरशासारखा चमकतो, मग चकाकी मंद होऊन कागदाचा दाणा उठून दिसू लागतो आणि शेवटी सगळे निस्तेज होते. मधल्या अवस्थेत ब्रश लावला की पाण्याची वलये उमटतात, म्हणून त्या वेळी हात मागे ठेवावा. या दहा मिनिटांत मी पुढच्या रंगांची मिश्रणे करून ठेवते.

वारा सुटल्यावर मात्र मोठा वॉश करण्याचा हट्ट सोडावा. कागद लहान घ्यावा, ब्रश मोठा घ्यावा, रंगाचे मिश्रण लागेल असे वाटते त्याच्या दुप्पट करावे आणि बोर्ड थोडा तिरका ठेवून खालच्या कडेला रंगाचा ओघळ सतत जिवंत राहील असे वरून खाली यावे. कागद पूर्ण कापसाचा आणि निदान ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाचा असावा. तो पाणी धरून ठेवतो आणि फुगून वाकत नाही. खडक आणि झगमगते पाणी यांसाठी मी हाच वारा वापरते. जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून खरखरीत कागदावरून वेगाने ओढला की दाण्यांच्या खोलगट जागा पांढऱ्या राहतात आणि उन्हात चमचमणारा समुद्र एका फटक्यात मिळतो. खडकाचा खरखरीतपणा जलरंगांत येत नाही असे तुम्ही लिहिले आहे. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचे घट्ट मिश्रण अशा कागदावर एकदाच टाकून सोडून द्या, म्हणजे अल्ट्रामरीनचे कण खळग्यांत बसून खडकाचा पोत स्वतःच तयार करतात. त्यात पुन्हा ब्रश फिरवला की तो पोत गेलाच.

समुद्रासाठी रंग निवडताना एक काळजी घ्यावी. थॅलो निळा आणि थॅलो हिरवा दिसायला आकर्षक असले तरी ते कागदात रुततात, आणि ओल्या ब्रशने उचलून लाटेची उजळ कड काढता येत नाही. सेरुलियन (आकाशी निळा) आणि अल्ट्रामरीन त्या मानाने सहज उचलले जातात. फेसाची मुख्य जागा मात्र कागदाच्या पांढऱ्याचीच ठेवावी, नंतर उचलून मिळणारा पांढरा तितका स्वच्छ नसतो.

काही जण समुद्राचेच पाणी रंग कालवायला वापरतात, त्यात कविता असेल, पण मी ते करणार नाही. मीठ हवेतील ओल ओढत राहते, त्यामुळे तो कागद पुढेही दमट होत राहतो, आणि ब्रशच्या धातूच्या टोपीला गंज धरतो. गोडे पाणी दोन भांड्यांत न्यावे, एक धुण्यासाठी आणि एक स्वच्छ मिश्रणासाठी.

आता दोन पिशव्यांविषयी. माझ्या मते तुम्ही दोन्ही माध्यमे ठेवावीत, पण त्यांना वेगवेगळी कामे द्यावीत. वरच्या उत्तरात पेन्सिलची तीन टोनांची चौकट सुचवली आहे, तिच्या जागी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन-चार रंगांत वीस मिनिटांचे जलरंग करा. जलरंग पारदर्शक असल्याने गडद ते उजळ हा सगळा निर्णय तुम्हाला आधी घ्यावाच लागतो, कारण कागदाचा पांढरा एकदा झाकला की परत तसाच मिळत नाही. तैलरंगांत ही सक्ती नाही, तिथे चूक कधीही पुसता येते, आणि तुमच्या सावल्या दोनदा सरकल्या त्याचे कारण तेच आहे. ते लहान जलरंग मग ईझलच्या (चित्र टेकवायच्या घोडीच्या) कडेला चिमट्याने लावून ठेवायचे आणि तैलचित्र करताना शंका आली की समुद्राकडे नव्हे, त्याच्याकडे पाहायचे. इंग्लिश चित्रकार टर्नर प्रवासात मुख्यतः पेन्सिलची झटपट टिपणे घेत असे आणि रंगांचे बरेचसे काम नंतर आठवणीतून उभे करत असे. जागेवर काय टिपायचे आणि काय मागे ठेवायचे याची त्याची समज त्या टिपणवह्यांत पाहण्यासारखी आहे.

आणखी एक राहिले. उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदाने डोळे दिपतात आणि तैलरंगांचा बोर्ड थेट उन्हात असेल तर तुम्ही नकळत सगळेच गडद रंगवता, जे घरातल्या उजेडात काळवंडलेले दिसते. कागद, बोर्ड आणि पॅलेट हे सगळे एकाच सावलीत असावे. रंगीत छत्री मात्र वापरू नये, तिचा रंग कागदावर उतरतो.

उत्तर: भांगभरती

चित्राच्या गुणदोषांविषयी वर पुरेसे लिहिले गेले आहे. मी फक्त सुरक्षिततेविषयी लिहितो, कारण ओहोटीच्या वेळी खडकांवर जाऊन बसण्याचा सल्ला त्यात आला आहे. १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील एत्रता येथे मोने एका कड्याखाली काम करत होता. समुद्र ओसरतो आहे अशा समजुतीत त्याने लाटांकडे लक्ष दिले नाही, आणि एका मोठ्या लाटेने त्याला कड्यावर आपटून सामानासकट पाण्यात ओढले. तो वाचला, पण ईझल, कॅनव्हास आणि रंग गेले. वर्षानुवर्षे समुद्र पाहणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे घडले. त्यामुळे ओहोटी पूर्ण होण्याची वेळ कागदावर लिहून समोर लावावी, परतीची वाट पाण्याखाली जाणारी नाही हे बसण्यापूर्वी चालून पाहावे आणि पाणी फिरल्यावर अर्ध्या तासात सामान आवरावे.

तैलरंगांबाबत दोन सूचना. टर्पेंटाइन वाळूत किंवा खडकातल्या डबक्यात कधीही ओतू नये. त्या डबक्यांत जीव असतात. जागेवर ब्रश नुसते चिंधीने पुसून थोड्या करडईच्या तेलात घोळवले तरी घरी पोहोचेपर्यंत टिकतात, म्हणजे टर्पेंटाइन न्यावेच लागत नाही. जवसाचे तेल लागलेल्या चिंध्या मात्र बोळा करून पिशवीत कोंबू नयेत. ते तेल वाळताना हवेतील ऑक्सिजन घेते आणि उष्णता सोडते, आणि बोळ्यात ती साठत जाऊन चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी घातलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात.

ओलीवाळू

तिघांचेही मनापासून आभार. लगेच उत्तर न देता मी पंधरवडा थांबले, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहिणे योग्य वाटले नाही.

भरतीचे वेळापत्रक पाहून ओहोटी पूर्ण होण्याच्या पाऊण तास आधी, सकाळीच, त्याच खडकासमोर बसले. आधी पोस्टकार्डाएवढे जलरंग केले. त्यात खडकाची सावली कोठे थांबते हे ठरवताना मला जाणवले की आजपर्यंत मी ही गोष्ट कधी ठरवलीच नव्हती, ती फक्त समोर दिसली तशी उतरवत होते. मग २० बाय २५ चा बोर्ड घेऊन सावल्यांपासून सुरुवात केली आणि आकाश शेवटी केले. तासाभरात पाण्याची रेघ खरोखरच फारशी हलली नाही. सावली मात्र हलली, आणि ती दुरुस्त करण्यासाठी माझा हात दोनदा उचललाही गेला. दोन्ही वेळा चिमट्याला लावलेल्या कागदाकडे पाहून तो मागे घेतला. चित्र अपुरे राहिले. काल, पंधराव्या दिवशी, त्याच वेळी परत गेले तेव्हा खडक तेवढाच उघडा होता आणि पायथ्याशी तोच ओला पट्टा होता. मागच्या थराला तोवर स्पर्शापुरता कोरडेपणा आलेला होता, त्यामुळे त्यावर थोडे तेल मिसळलेला दुसरा थर नीट बसला.

समुद्रात आता तीन रंग आहेत आणि दूरवरचा पट्टा आकाशाहून गडद आहे. एवढ्या एका गोष्टीने तो आडवा झाला, याआधी तो भिंतीसारखा उभा दिसत असे. लाट अजून साधलेली नाही. हिरवा पट्टा रुंद झाला आहे आणि तिथे पांढराही जास्त पडला आहे, हे आता मला स्वतःला दिसते. पुढच्या पंधरवड्यात बोर्ड न नेता फक्त लाटा पाहायच्या आणि घरी आल्यावर आठवणीतून जलरंगांत उतरवायच्या, असे ठरवले आहे.

एक लहान शंका राहिली. काल वारा सुटला आणि खालच्या भागातील ओल्या रंगावर बरीच वाळू उडून चिकटली. नखाने दोन-तीन कण काढायला गेले तर तिथला रंगही निघाला. आता काय करावे?

उत्तर: क्षितिजरेषा

आणखी कण काढू नका. रंग ओला असताना वाळू काढायला गेलात की प्रत्येक कणाबरोबर खड्डा पडतो. वरचा थर बोटाला अजिबात चिकटेनासा होईपर्यंत बोर्ड धूळ नसलेल्या जागी आडवा ठेवा. तुम्ही टायटॅनियम पांढरा वापरला असेल तर त्या भागाला इतर रंगांपेक्षा जास्त दिवस लागतील. मग कोरडा, ताठ केसांचा ब्रश एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवलात तर वरवर बसलेली वाळू झडून जाईल. नखाने उकरलेल्या जागा त्यानंतर त्याच रंगाने भरून घ्या.

जे कण रंगात पूर्ण रुतले आहेत ते तसेच राहू द्या. मोनेने १८७० मध्ये फ्रान्समधील त्रूव्हिल येथे किनाऱ्यावर बसून रंगवलेले एक लहान चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि त्याच्या रंगात त्या दिवसाच्या वाळूचे कण अजून अडकलेले आहेत. पुढच्या वेळी वारा सुटला तर बोर्डाची पाठ वाऱ्याकडे करा आणि ईझलचे पाय शक्य तितके आखूड ठेवण्याऐवजी उंच ठेवून उभ्याने काम करा, कारण उडणारी वाळू बहुतेक गुडघ्याच्या खालूनच जाते.